आमच्या वाट्याचे आकाश

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला आकाश मोजूनमापूनच मिळते. मोदी गणपतीच्या आसपासच्या बोळांतून चालताना वर पाहावे, तर दोन कौलांच्या मध्ये हातभर निळी पट्टी दिसते. एवढ्याशा पट्टीवरून भांडण होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

पूर्वी आमच्या वाड्याच्या छपरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना होती. तिचे तोंड नैऋत्येला, सिंहगडाकडे असे, कारण मुंबई दूरदर्शनचे चित्र तिथल्या मनोऱ्यावरून पुण्यात येई. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकटातली उपग्रहसेवा सुरू झाली आणि काही वर्षांनी आम्हीही छपरावर छत्री बसवली. तिचे तोंड मात्र आग्नेयेला! वडिलांचा फोटो भिंतीवर लागल्यापासून आईची संध्याकाळ सह्याद्री वाहिनीवरच सरत होती.

छत्री लावायला आलेल्या मुलाने मला शहाणे केले. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. आपला ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून त्याच्याकडे पाहायचे, तर क्षितिजापासून साधारण ५९ अंश मान वर करावी लागते. छत्री तिथून आलेले क्षीण किरण गोळा करून समोरच्या एलएनबीच्या तोंडात घालते. मला एकदम आमच्या जिल्ह्यातल्या नारायणगावाजवळचे आर्वी आठवले. तिथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. तिथल्या अजस्र तबकडीची नात आता आमच्या कौलांवर बसली होती!

आणि नेमके आग्नेयेलाच समोरच्यांचे घर. त्यांच्याशी आमचा बावीस वर्षे अबोला. कारण विचाराल तर हसाल. आमच्या पन्हळीचे पाणी त्यांच्या उंबऱ्यासमोर पडे! आई आणि समोरच्या काकू एकाच बोळातून भाजीला जात, पण एकमेकींकडे न बघता.

त्यांचा वाडा पाडून इमारत उभी राहू लागली. ऑक्टोबरच्या सुरवातीस एकदा सकाळी अकराच्या सुमारास चित्र गेले. मी पंडिती थाटात म्हणालो, "आई, या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या गोंगाटात संदेश बुडतो. दहा मिनिटांत येईल बघ."

दहा मिनिटे गेली, दहा दिवस गेले. सूर्य बिचारा निर्दोष होता. पंधरा फुटांवरची भिंत छत्रीच्या वर पंचवीस फूट गेली, की ५९ अंशांची वाट बंद होते. हे गणित मी नंतर कागदावर केले.

"केबल घेऊ," मी म्हणालो.

"दरमहा पैसे? आकाशाचं भाडं मी नाही द्यायची," आई म्हणाली आणि वर्षभर तिने रेडिओवर काढले. काटकसर हे निमित्त होते. संध्याकाळी दिवा लावून झाला, की बंद पडद्यासमोर ती तशीच बसलेली मला दिसे. मी महापालिकेत अर्ज करण्याच्या गोष्टी बोलू लागलो. ती काहीच बोलत नसे.

पुढच्या दिवाळीत समोरचे लोक नव्या घरात राहायला आले. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर पाहतो, तर आई घरात नाही. करंज्यांचा डबाही नाही. खिडकीतून पाहिले, तो ती गुडघ्यावर हात ठेवीत समोरचा जिना चढत होती. लिफ्ट अजून चालू झाली नव्हती.

तासाभराने परतली. डब्यात करंज्यांच्या जागी अनारसे होते.

"काय बोललीस?"

"म्हटलं, पन्हळ आम्ही फिरवून घेतो. तुमच्या गच्चीवर आमची छत्री ठेवाल का?"

"मग?"

"रडल्या. म्हणाल्या, पन्हळ कुठली हो, वाडाच राहिला नाही आमचा."

छत्री आता त्यांच्या गच्चीवर आहे. तिला दोन तोंडांचा एलएनबी बसवून एक वायर त्यांच्याकडे आणि एक बोळावरून आमच्याकडे आणली आहे. या छोट्या छत्रीच्या लहरी जोराच्या पावसात पाणीच शोषून घेते आणि दोन्ही घरांतली चित्रे एकदमच जातात. मग आई खिडकीत येते, काकू त्यांच्या गॅलरीत येतात.

"गेलं का हो तुमचंही?"

"गेलं!"

आणि पाऊस थांबून चित्र परतले, तरी दोघींचे बोलणे काही संपत नाही. पन्हळ तेवढी मी अजून फिरवायची आहे. काकू म्हणतात, राहू द्या.