बांडी आणि घाणेरीचे कुंपण

इंदूरच्या आमच्या घरामागील मोकळ्या जागेस कुंपण हवे होते, तेव्हा घाणेरी लावावी हे आम्हीच सुचविले. ती पाणी मागत नाही, फुले नारिंगी-गुलाबी, आणि मुख्य म्हणजे गुरे तिला तोंड लावीत नाहीत. माळव्यात तिला रायमुनिया म्हणतात. आमच्याकडे येणारे पाहुणे टणटणी म्हणत. मूळची ही अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानात आली आणि पुढे गायरानेच्या गायराने बळकावून बसली.

शेजारचा गवळी मात्र कुंपण पाहून म्हणाला, "भाऊसाहब, ये ठीक नहीं किया." आम्ही हसलो.

१९८४ च्या वैशाखात निमाडातून एक गाय आणली. तांबड्या अंगावर मोठमोठे पांढरे पट्टे, म्हणून मुलांनी नाव ठेवले बांडी. दूध बेताचेच; पण स्वभाव असा की परका मनुष्यही तिच्या गळ्याखाली हात घाली. कडबा महागलेला, गवत करपलेले. एका दुपारी कुंपणाचे शेंडे ओरबाडलेले दिसले. आयती छाटणी झाली, असे म्हणून आम्ही कौतुकच केले! घाणेरी टाळतात ती तिच्या सहवासात वाढलेली गुरे. नव्या, भुकेल्या जनावराला ती शिकवण कोठून असणार?

तिसऱ्या दिवशी रवंथ थांबला, शेण कोंडले, डोळे पिवळे झाले. मग उन्हात उभी असताना तिचे पांढरे पट्टे तेवढे लाल होऊन सोलवटू लागले. तांबडी कातडी मात्र जशीच्या तशी. कोणीतरी कढत पाणी बेताने ओतावे तसे ते दिसत होते.

गुरांच्या डॉक्टरांनी तिला गोठ्याच्या अंधारात बांधविले. घाणेरीच्या पानांतील विष यकृतावर घाला घालते, पित्त तुंबते. हिरवा पाला पचताना पोटात तयार होणारे एक द्रव्य एरवी पित्तावाटे निघून जाते. ते आता रक्तात साचते, आणि ऊन लागताच कातडी भाजून काढते. पांढऱ्या कातडीस रंगाचा आडोसा नसतो. शिवाय पोट मंदावल्याने खाल्लेला पाला आतच राहतो व विष झिरपतच राहते. नेमका उतारा नाही. औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीने पाजली. गवळी दोन रात्री गोठ्यात बसून होता. आम्ही केलेल्या हसण्याचा त्याने एका शब्दानेही उल्लेख केला नाही.

नवव्या दिवशी पहाटे बांडी गेली.

कुंपण त्याच आठवड्यात तोडले. पण घाणेरी तोडल्याने जात नाही. मुळाशी राहिलेल्या खुंटातून पुन्हा फुटते, आणि तिची काळी फळे खाऊन बुलबुल बिया कोठेही टाकतात. तीन पावसाळे आम्ही ती कुदळीने खणून काढीत होतो. चौथ्या वर्षी गोठ्याच्या भिंतीलगत एक रोप निघाले. धाकट्याने ते उपटले आणि न विचारताच गवळ्याला दाखवायला धावला.