रिकामा थर

वाळू चाळायचं काम कुणालाच नको असतं. थर भरलेला असला, जाळीवर गारगोटीचं पातं, शिंपल्याचा तुकडा, जळकं हाड दिसायला लागलं की चाळणीपाशी गर्दी होते, विद्यार्थ्यांना जेवणाची आठवण राहत नाही. पण गुहेत खणता खणता कधी नुसतीच वाळू लागते. पिवळट, स्वच्छ, एकसारखी. घमेल्यामागून घमेली बाहेर येतात आणि जाळीवर उरतात दोन खडे नि एखादं मूळ. मग त्याच उत्साही मंडळींची पाठ धरते, कुणाला कणकण येते. कोकणातले आमचे मजूर जास्त प्रामाणिक. ते सरळ म्हणतात, "साहेब, हंय काय नाय. बाजूक खणूया."

मी बाजूला सरकत नाही. रिकामा थर लागला की मला हायसं वाटतं, आणि हे सांगितलं की नवे विद्यार्थी माझ्याकडे संशयाने बघतात.

उघड्यावरच्या पांढरीच्या टेकाडात माणसं घरं बांधतात, पडली की त्यावर पुन्हा बांधतात. चोपलेल्या जमिनी, भिंतींचे पाये एका पिढीचं सामान दुसरीपासून वेगळं ठेवतात. गुहेत तसं काही नसतं. छप्पर आयतं, जागा तेवढीच, आणि चूल मांडायला सोयीचा कोपरा हजारो वर्षं तोच. जुन्या राखेवर नवी राख, त्यावर पावलं. साळिंदर बीळ करतं, छतातून ठिबकणारं पाणी माती खाली ओढतं, मुळं सुकून पोकळ्या राहतात. अशा जमिनीत काल पडलेला मणी आजच्या चुलीखाली दोन हात जायला वेळ लागत नाही. मग एखादी वस्तू कितीही सुंदर असली तरी ती ज्या थरात मिळाली त्याच थराची आहे, हे छातीठोकपणे कुणी सांगायचं?

हे शिकवायला मी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेचा छेद वर्गात लावतो. तिथे मी स्वतः खणलेलं नाही. पण काही छेद इतके वेळा वाचलेले असतात की हाताला ओळखीचे वाटतात. केप टाउनच्या पूर्वेला साधारण 300 किलोमीटरवर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या कड्यातली ही लहानशी गुहा. ख्रिस्तोफर हेन्शिलवूड यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काम सुरू केलं, ते अलीकडच्या काळातल्या किनारी वस्त्यांच्या शोधात. गुहेचं तोंड तेव्हा वाऱ्याने आणलेल्या वाळूने जवळजवळ बुजलेलं होतं. वरच्या थरांत सुमारे 2 हजार वर्षांपर्यंतच्या माणसांच्या चुली आणि शिंपल्यांचा कचरा मिळाला. त्याखाली वाळू. आणि वाळूखाली 70 हजार वर्षांपेक्षा जुनी माणसं.

ती वाळू काही ठिकाणी अर्धा मीटर जाड आहे, काही ठिकाणी जेमतेम चार बोटं. त्या चार बोटांत वरच्या आणि खालच्या माणसांमधली 68 हजार वर्षं मिटलेली आहेत. ब्लॉम्बोसचं नाव झालं ते गेरूच्या कोरलेल्या तुकड्यांमुळे, समुद्री गोगलगायींच्या भोक पाडलेल्या शिंपल्यांमुळे, दोन्ही बाजूंनी घडवलेल्या नाजूक भाल्याच्या टोकांमुळे. माझ्या मते या सगळ्यांची जामीनदार ती वाळू आहे. 2002 साली कोरीव गेरू प्रसिद्ध झाला तेव्हा पहिली शंका हीच येणार होती, की हे वरून घसरलेलं तर नाही? पण स्वच्छ वाळूच्या थरातून काही खाली उतरायचं तर भोक पडतं, भोकात वरची काळी माती भरते, आणि पिवळ्या वाळूत ती शाईच्या डागासारखी दिसते. म्हणून रिकामा थर भरभर उपसायचा नसतो. तो ब्रशने, तिरक्या उजेडात, डाग शोधत खणायचा असतो. भरलेल्या थराला लागतो तेवढाच वेळ त्याला द्यावा लागतो, आणि हाती काही लागत नाही. हाती काही न लागणं हाच निष्कर्ष असतो, तो कष्टाने मिळवावा लागतो.

त्या वाळूचा दुसरा उपयोग वयासाठी. क्वार्ट्झचा कण अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळे त्यात ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती रिती होते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. प्रयोगशाळेत त्याच कणावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा चमकून बाहेर येते, तिच्यावरून कण किती काळ गाडलेला होता ते काढतात. अडचण एवढीच की गाडला जाण्याआधी तो उन्हात पुरता रिता झालेला हवा. माणसांनी तुडवलेल्या, कालवलेल्या मातीत याची खात्री नसते. वाऱ्यावर उडत, उन्हात लोळत आलेल्या वाळूत मात्र असते. झेनोबिया जेकब्स यांनी ब्लॉम्बोसच्या वाळूचा एकेक कण वेगळा मोजून ती सुमारे 70 हजार वर्षांपूर्वीची ठरवली. छेदात नळी ठोकायची, बाहेर येताच दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकने बंद करायची, आणि लालसर मंद दिव्याखालीच उघडायची. आमच्याकडे असे नमुने घेताना खड्ड्यावर ताडपत्री धरणारा मजूर मला नेहमी विचारतो, की यात सोनं आहे का.

त्याच गुहेत आणखी खाली, सुमारे 1 लाख वर्षांपूर्वीच्या थरात, 2008 साली अबलोनीचे दोन मोठे शिंपले मिळाले. आत गेरूची पूड, ठेचलेलं हाड, कोळसा, दगडाचे कण यांचं लालभडक मिश्रण. शेजारी वाटायचे दगड. रंग किंवा लेप करायचं सामान. मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते त्याच्या आजूबाजूचं. तिथे दुसरं फारसं काहीच नव्हतं. चुलीचा पसारा नाही, खाल्लेल्याचा ढीग नाही. कुणीतरी आलं, रंग खलला, सामान तिथेच ठेवून गेलं, आणि वाऱ्याने वाळू आणून ते झाकलं. आजूबाजूला वस्तीचा कचरा असता तर हे भांडं घरातलं एक भांडं ठरलं असतं. रिकाम्या वाळूमुळे आपल्याला एकाच खेपेचं काम दिसतं.

रिकामेपणाचा अर्थ मात्र जपून लावायचा. गुहेत माणूस नाही म्हणजे मुलखात माणूस नाही, असं लिहून मोकळं होणारे अहवाल मी वाचले आहेत. हिमयुगाच्या थंड टप्प्यांत पाणी बर्फात अडकतं, समुद्र खाली जातो, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी समुद्रतळ इतका उथळ आहे की पातळी थोडी उतरली तरी किनारा कित्येक किलोमीटर मागे हटतो. उघड्या पडलेल्या त्या तळावरची वाळू वारा उचलतो. म्हणजे गुहेत वाळू भरत होती तेव्हा शिंपले गोळा करायची जागाच दूर गेली होती. आपणही गेलो असतो. त्या लोकांच्या चुली आज पाण्याखाली असतील, आणि तिथे चाळणी लावणं फार अवघड आहे.

आपल्याकडे कोकणात दुसरी पंचाईत. ब्लॉम्बोसचा कडा चुनखडीयुक्त, त्यातून झिरपणारं पाणी हाडं नि शिंपले टिकवतं. आपला जांभा आम्लधर्मी. पावसाळ्यामागून पावसाळे हाडं खाऊन टाकतात. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली, दगड विरघळत नाही म्हणून. तेव्हा जांभ्याच्या गुहेत हाड नसलेला थर लागला, तर तिथे शिकार खाल्ली गेली नाही असं म्हणता येत नाही. तो थर रिकामा नाही, रिकामा झालेला आहे. हा फरक ओळखायला मातीची आम्लता, फॉस्फेट, सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा पातळ काप असं बरंच काही करावं लागतं, आणि आमच्या अहवालाच्या छापील नमुन्यात 'महत्त्वाचे अवशेष' असा रकाना असतो, 'नसलेले अवशेष' असा नसतो. मी तो हाताने आखतो.

2018 साली ब्लॉम्बोसमधल्या सिलक्रीट या दगडाच्या छोट्या छिलक्यावर गेरूने ओढलेल्या नऊ रेघा प्रसिद्ध झाल्या, 73 हजार वर्षांपूर्वीच्या. प्रयोगशाळेत ढीगभर छिलके तपासताना त्या लक्षात आल्या होत्या. जगभर 'पहिलं चित्र' म्हणून गाजावाजा झाला. मी वर्गात त्याला रेघाच म्हणतो. चित्र म्हणायला ओढणाऱ्याच्या मनातलं ठाऊक हवं. पण रेघांच्या वयावरून वाद घालायचा कुणी आला तर त्याला मी आधी वरच्या वाळूचा छेद दाखवतो.

आमच्या भांडारात रिकाम्या थरांच्या वाळूच्या पिशव्या वेगळ्या कपाटात आहेत. चौकोन क्रमांक, खोली, तारीख, 'अवशेष नाहीत'. जागा अपुरी पडते म्हणून भांडारवाले दर उन्हाळ्यात त्या टाकायची परवानगी मागतात, आणि दर उन्हाळ्यात आमची तीच बाचाबाची होते. यंदा मी त्यांना त्यातली एक उघडून भिंगाखाली दाखवली: कण गोलसर, वाऱ्याने घासलेले, शेजारच्या पिशवीतले टोकदार, छतावरून गळलेले. त्यांनी दोन्ही पाहिले आणि विचारलं, "मग दोन्हीची एकेक चिमूट ठेवली तर चालणार नाही का?"