अर्जातली एक ओळ

फुलस्केप कागद डावीकडे दुमडून समास पाडायचा. उजवीकडे वर पत्ता, दिनांक. मग 'प्रति', 'विषय', 'संदर्भ', 'महोदय', आणि शेवटी 'आपली विश्वासू'. हा साचा मला बाबांनी शिकवला. ते कचेरीत कारकून होते, लोकांचे अर्ज वाचण्यात त्यांची हयात गेली. तालुक्याच्या वाचनालयात साहाय्यकाची जागा निघाली तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकांची ओढ आहे असं लिहू नकोस. ओढीपायी काय केलंस ते लिही." मग 'अनुभव' या मथळ्याखाली एक ओळ आली : शाळेच्या ग्रंथालयातील पाठ निखळलेल्या पुस्तकांना खळ व कापड लावून बांधणी केली. मुलाखतीत ग्रंथपालबाईंनी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "खळीत मोरचूद घालता का?" कसर लागू नये म्हणून घालते, असं मी सांगितलं. पुढचं सगळं बोलणं पुस्तकांच्या आजारांवरच झालं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की साचा माणसाला दडपत नाही. विषय कुठे, सही कुठे ही चिंता मिटली की सांगण्यासारखं जे आहे त्याकडे लक्ष देता येतं.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर मात्र माणसाला जागाच नव्हती. १९५९च्या कायद्याने सरकारी आणि मोठ्या खासगी आस्थापनांना रिक्त पदं तिथे कळवणं बंधनकारक होतं, म्हणून आम्ही नेमाने रांगेत उभे राहून कार्डाचं नूतनीकरण करत असू. नोंदणी क्रमांक, शिक्षण, टंकलेखन मराठी ३० श.प्र.मि. संपलं.

पुढे डीटीपीच्या दुकानांतून बायोडाटा आले. एकाच फायलीत नाव बदलून छापलेले. छंद : वाचन, संगीत ऐकणे. काय वाचता, हे मात्र कुणीच लिहीत नसे. ग्रंथालयात नोकरी मागणाराही!

लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेलं पत्र मी त्याच काळात वाचलं. नोकरीचाच अर्ज तो. हलके पूल, वेढ्यातली यंत्रं, तोफा असे क्रमवार मुद्दे, आणि चित्रकला, शिल्पकला अगदी शेवटाकडे. लढाया करणाऱ्या दरबाराला काय हवं ते त्याने आधी ओळखलं. तरी ते पत्र दुसऱ्या कुणाचं वाटत नाही, कारण काय काय करता येतं ते त्याने तपशिलात सांगितलंय.

आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आलेले अर्ज मी वाचते. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, त्यानंतर अर्जांची भाषा निर्दोष झाली आणि सगळी एकसारखी. प्रत्येक जण उत्साही, प्रत्येक जण संघभावनेने काम करणारा. मला त्या मुलांचा राग येत नाही. नोकऱ्या कमी, अर्ज ढीगभर; तयार वाक्यांचा आधार कुणालाही वाटेल. वाईट याचं वाटतं, की त्या वाक्यांमागे खरोखर कष्टाळू मुलं असतात आणि ती मला दिसत नाहीत. याउलट काही जण आपलं दुःख, घरची परिस्थिती, कविता सगळंच अर्जात ओततात. ते वाचून जीव तुटतो, पण काउंटरवर बसून देवघेव कशी करतील, ते कळत नाही.

परवा एका मुलीच्या अर्जात वाचलं : 'गावच्या "ड" वर्ग वाचनालयाची दाखल नोंदवही पावसात भिजली होती, पुस्तकांवरील शिक्क्यांवरून क्रमांक जुळवून ती पुन्हा लिहिली.' बाकी अर्ज अगदी रीतसर होता. या एका ओळीत तिची चिकाटी दिसली, अक्षर ओळखण्याची नजर दिसली, आणि कुणी न सांगता काम अंगावर घेण्याची वृत्तीही. मी ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तिला मुलाखतीला बोलावलं आहे. ज्या पुस्तकांवरचे शिक्केही पुसले गेले असतील त्यांचं तिने काय केलं, हे मला तिला विचारायचंय.