मामानं उगारलेली तलवार

‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द लास्ट जेडाय’ पाहताना मराठी माणूस एका ठिकाणी हमखास दचकतो. ज्या ल्यूक स्कायवॉकरनं १९८३ च्या चित्रपटात सैतान झालेल्या बापालाही माणसात आणलं, तोच आता झोपलेल्या भाच्याच्या उशाशी प्रकाशाची तलवार पेटवून उभा असतो. बहिणीचं पोर! पुढे हा मुलगा घात करील, या भीतीनं क्षणभरच तो विचार मनात येतो आणि विरतोही. पण तेवढ्यात पोर जागं होतं. आपल्याकडे असं काम कंसमामाचं. नायकाला कंसाच्या जागी उभं करणं म्हणजे धाडसच.

२०१७ साली रायन जॉन्सननं ते केलं आणि जगभरचे चाहते खवळले. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिललाही हा म्हातारा, बेटावर तोंड लपवून बसलेला ल्यूक पटला नव्हता; त्यानं ते उघड सांगितलं. आपण महाभारतातलं मौसलपर्व ऐकत आलेले लोक. अर्जुनाचं गांडीव ऐन वेळी चालत नाही, साधे आभीर त्याला लुटतात, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी कीर्तनात कुरुक्षेत्रच रंगतं, हेही खरंच.

सिल्लोडहून गोळेगाव, अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरला की फर्दापूर, आणि तिथून लेणी. जुन्या गोष्टीला असे पुढचे भाग जोडण्याचा मोठा कारखानाच तिथे डोंगरात आहे. दहावं लेणं इसवी सनापूर्वीचं. त्यातला स्तूप कोरा, बुद्धाची मूर्ती नाही. पाच-सहा शतकांनी, वाकाटक हरिषेणाच्या काळात, त्याच डोंगरात एकोणिसावं आणि सव्विसावं लेणं खोदलं गेलं, तेव्हा स्तूपातूनच बुद्ध बाहेर आला: चेहरा, हात, वस्त्राच्या चुण्यांसकट. एवढ्यावर भागलं नाही. दहाव्यातल्या जुन्या खांबांवरही नव्यानं बुद्ध रंगवले गेले. (त्यातल्याच एका चित्रावर १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव खरडून ठेवलं. ही खोडही जुनीच.) एखाद्या जुन्या वळणाच्या भिक्षूनं तेव्हा नाक मुरडलं असेल, असं मला उगाच वाटतं.

पण माझा पाय अडतो तो सतराव्या लेण्यात. बुद्ध कपिलवस्तूला परत आला आहे. भिंतीवर तो प्रचंड, हातात भिक्षापात्र. समोर यशोधरा आणि राहुल इवलेसे. ज्याला झोपेत टाकून गेला, ते पोर आता मान वर करून बापाकडे बघतंय. कथेत यशोधरा त्याला सांगते, जा, बापाकडे तुझा वाटा माग. बाप वाटा देतो तो संन्यासाचा. मग राहुलचा म्हातारा आजा शुद्धोदन कळवळतो आणि मागणं मागतो: यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला संघात घेऊ नका. ते मान्य होतं, भिक्षूंच्या विनयात नियम होतो. जग जिंकून आलेल्याला घरच्या म्हाताऱ्याचं ऐकावं लागलं, आणि परंपरेनं ही गोष्ट दडवली नाही.

ल्यूक मला आवडतो तो यासाठीच. लढाईच्या ऐन भरात, सगळ्या फौजेदेखत तो भाच्याची माफी मागतो. ते करताना स्वतः बेटावरच बसून नुसती प्रतिमा पाठवतो, ही चलाखी मला थोडी खटकते. माफी मागायला माणसानं अंगानं यावं. तरी मागितली.

२०१९ च्या भागानं मात्र कच खाल्ली. आधीच्या चित्रपटात ल्यूकनं तलवार खांद्यावरून मागे भिरकावली होती; इथे त्याचं भूत आगीत फेकलेली तलवार अलगद झेलतं आणि शस्त्राचा मान राखावा असं बजावतं. रुसलेल्या प्रेक्षकांची समजूत निघाली असेल. भाच्याशी मात्र हा मामा त्या अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही. पोराला परत आणायचं काम आईवर आणि मेलेल्या बापाच्या आठवणीवर सोपवलेलं आहे.