पिराचा मान

कोल्हापूरच्या पेठांतून तालमींच्या पाट्या वाचत चाललं की खंडोबा, फिरंगाई, वेताळ, काळाइमाम, अवचितपीर, बाबूजमाल अशी नावं एका दमात तोंडी येतात. खंडेराय, देवी, राखणदार, इमाम आणि पीर, सगळे लाल मातीचे धनी. लंगोट कसून हौद्यात उतरलेलं पोरगं आधी माती कपाळाला लावतं आणि मग शड्डू ठोकतं. ती माती कुणाच्या नावाची, हे त्याला कुणी विचारत नाही आणि त्यालाही ते कधी विचारावंसं वाटत नाही. या गावाचा धर्म मला पुस्तकांआधी तालमीच्या उंबऱ्यावर कळला.

मोहरमचा चंद्र दिसला की गावात कुदळ पडते. दर्ग्यासमोर, तालमीसमोर खाई खणायची, तिच्यात लाकडं रचून आग करायची आणि तिच्याभोवती फेर धरून आलावा खेळायचा. मग पंजे बसतात. गल्लीत उदाचा वास भरून राहतो, हलगी-ताशा घुमतो, बायका ओटीत नारळ घेऊन ओळीत उभ्या राहतात. त्या ओळीत कुणाच्या कपाळावर कुंकू आहे आणि कुणाच्या डोक्यावरून ओढणी, हे पाहत बसण्याइतकी सवड कुणालाच नसते, कारण पुढची बाई नवस बोलत असते आणि मागचीला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात.

पंजा एकदा जवळून पाहावा, तोही सजवण्याआधी. पत्र्याचा उघडा तळवा, पाच बोटं सरळ वर. पितळेचा असेल तर चिंचेच्या कोळानं घासून तो लखलखीत करतात, तेव्हा बोटांच्या कडा झिजून किती पातळ झाल्यात ते हाताला कळतं. ही झीज पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याची आहे. पाच बोटं म्हणजे पाच पवित्र नावं: पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन. मग काठीवर चढवून त्याला वस्त्र नेसवतात, शेवंतीचे हार घालतात, वर मोरचेल ढाळतात. हार चढता चढता तळवा झाकला जातो, बोटांची टोकं तेवढी दिसतात. आता तो पत्रा उरत नाही, तो देव होतो. ‘देव’ हाच शब्द आमच्या पेठेत वापरतात. ‘पीर देव उठला का?’ असं आजी विचारायची.

मोहरम मुळात शोकाचा. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानलेले मारले गेले, त्याची ही आठवण. शोकाची ही रीत शिया परंपरेत वाढली, आणि कोल्हापूरचे बहुतेक मुसलमान सुन्नी. शेजारी मराठा, धनगर, कोष्टी, लिंगायत, जैन. म्हणजे इराकातल्या एका लढाईचा शोक इथं ज्यांनी खांद्यावर घेतला त्यांतल्या बहुतेकांचा, पोथीच्या हिशेबानं, त्याच्याशी थेट संबंध नव्हता. तरी तहानलेल्या इमामाच्या नावानं सरबताची पिंपं चौकाचौकांत लागतात. खेड्यांत करबलची गाणी म्हणतात, मराठीत आणि दख्खनीत, आणि दूधगंगा-कृष्णेपलीकडे कानडीतही. कुणाचा तरी निरपराध मुलगा पाण्यावाचून मेला, एवढं दुःख समजायला या दुष्काळ पाहिलेल्या मुलखाला मौलवी लागला नाही.

हे विजापूरकडून आलं असावं असं मला वाटतं. पन्हाळ्यासह हा टापू आदिलशाहीत होता, आणि त्या घराण्यातला दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) स्वतः गाणी रचताना सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करी. पण दरबारानं पेरलेलं सगळंच उगवत नाही. जे टिकलं ते मानामुळं टिकलं, असं माझं ठाम मत आहे.

मान म्हणजे हक्क आणि मान म्हणजे कामही. कुदळ कुणी मारायची, लाकडं कुणाच्या रानातून यायची, पंजा कुणी धरायचा, पहिला गलेफ, म्हणजे चादर, कुणाचा, ऊद कुणी घालायचा, हे सगळं घराण्यांत वाटलेलं असतं आणि ते वाटप धर्म बघून झालेलं नसतं. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते त्यांचा गलेफ तिथं सगळ्यांच्या आधी चढतो. सांगलीकडच्या कडेगावात शंभर फुटांहून उंच ताबूत उठतात, आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमानं बांधलेले. त्यांतले कित्येक हिंदू घराण्यांच्या मानाचे. ते ताबूत चौकात येऊन एकमेकांना भेटतात तेव्हा खाली ते तोलणाऱ्या हातांत कुणाचा कोणता हात ते ओळखू येत नाही.

एकमेकांच्या सणाला शुभेच्छा देणं आणि एकमेकांच्या सणात काम असणं यांत फार अंतर आहे. शुभेच्छा फलकावर मावतात. कामाला मात्र माणूस हजर लागतो. ‘पाटील आल्याशिवाय पंजा हलत नाही’ अशी अट जिथं आहे तिथं पाटलाला यावंच लागतं, त्या वर्षी त्याचं कुणाशी भांडण असलं तरी.

कागलला तर वाटपाचाही प्रश्न नाही, कारण तिथं देवच एक आहे. ग्रामदैवताचं नाव गहिनीनाथ गैबीपीर. नवनाथांतले गहिनीनाथ आणि गैबी पीर, एकाच ठिकाणी, एकाच दमात. नाथ म्हणून नारळ फोडा, पीर म्हणून गलेफ चढवा. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे. त्यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं, तेव्हा गैबीच्या गावचा हा मुलगा काही नवी उदारता दाखवत नव्हता. गावचा मान राजवाड्यातून पुढं चालवत होता.

माझ्या वडिलांना लहानपणी आजीनं पिराचं फकीर केलं होतं. पोर सारखं आजारी पडायचं, म्हणून. गळ्यात नाडा, हातात झोळी, आणि पाच घरी मागायचं. मिळालेल्या पिठाचा मलिदा करून तो पिराला दाखवायचा, मग वाटायचा. नाडा सुटला की नवस फिटला. हीच आजी पंढरीच्या वाटेला लागलेल्या दिंड्यांना दारात उभं राहून पाणी द्यायची आणि एकादशीला पाण्यावाचून दुसरं काही घ्यायची नाही. मी लहान असताना एका वर्षी आषाढी आणि मोहरम अगदी लागून आले. शेजारच्या भाभींनी झाकून मलिदा आणून दिला.

“आज ग्यारस हाय नव्हं तुमची?” भाभींनी दारातूनच विचारलं.

“हाय की. उद्या बारस सोडताना पयला घास ह्योच,” आजी म्हणाली, आणि तो वाडगा देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला.

हे लागून येणं योगायोगाचं वाटतं, पण त्यामागं चंद्राचा हिशेब आहे. दोन्ही पंचांगं त्याच अमावास्येनंतरच्या कोरीवरून महिना मोजतात, म्हणून मोहरमची दहावी नेहमी आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्याच आसपास पडते. फरक एवढाच की आपण अधिक महिना घालून ऋतू सांभाळतो आणि हिजरी वर्ष दर साल दहा-अकरा दिवस मागं सरकत सगळे ऋतू फिरून येतं. त्यामुळं २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच तारखेला आली. त्याआधी २०१८ ते २०२० ही तीन वर्षं गणपती आणि पंजे बरोबर बसले. बाबूजमाल तालमीत नाल्या हैदर कलंदर पंजा आणि गणराय शेजारी शेजारी होते. कुरुंदवाडला तर कुडेखान, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना या पाच मशिदींत गणपती बसवायची रीतच आहे. ती दहा दिवसांची गर्दी आठवली की मला आधी नैवेद्याचं ताट दिसतं. एका बाजूला उकडीचे मोदक, दुसऱ्या बाजूला चोंगे, म्हणजे मोहरमची नक्षी उमटवलेली गोड, जाडसर पोळी. मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं आणि चोंग्यावर नक्षी उठवणारी बोटं एकाच परातीत.

जावा बेटाबद्दल मी वाचू लागलो तो या पंचांगामुळंच. तिथल्या मातरम राज्याच्या सुलतान आगुंग यानं १६३३ मध्ये एक विलक्षण गोष्ट केली. राज्यात तोवर हिंदू काळापासूनचा शक चालत होता, आपलाच शालिवाहन शक. सुलतानाला महिने इस्लामी हवे होते, पण वर्षांची मोजणी तोडायची नव्हती. शके १५५५ चालू होता. त्यानं आकडा तोच ठेवला आणि खालचे महिने चांद्र हिजरी केले. पूर्वजांनी मोजत आणलेली वर्षं त्यानं वाया जाऊ दिली नाहीत. अधिक महिना नसल्यामुळं त्यांची वर्षं आपल्यापेक्षा भराभर पुढं गेली. २०२५ च्या जूनअखेरीस इथं शके १९४७ चालू असताना जावात १९५९ लागलं. त्यांचा पहिला महिना सुरो, म्हणजे मोहरमच, आशुऱ्यावरून नाव पडलेला. त्या महिन्यात घराण्याचे जुने खंजीर धुऊन पुसून पूजतात. ते वाचताना मला चिंचेच्या कोळानं घासलेला पंजा आठवला.

जोगजकार्ताला पैगंबर जयंतीच्या वेळी सुलतानाचे दोन जुने गामेलान वाद्यसंच राजवाड्यातून निघून मोठ्या मशिदीच्या आवारात जातात आणि कित्येक दिवस तिथं वाजतात. शेवटी भाताचे आणि भाज्यांचे डोंगर रचून मिरवत नेतात, लोक त्यातला घास झोंबून मिळवतात आणि शेतात पुरतात. कुदुस गावात मशिदीचा मिनार लाल विटांचा, जुन्या देवळाच्या घाटाचा आहे आणि शेजाऱ्यांच्या भावनेखातर तिथले मुसलमान गाय कापत नाहीत. ही रीत सुनान कुदुस या वलींनी घालून दिली असं ते सांगतात. महाभारताच्या छायाबाहुल्यांतून धर्म सांगणारे सुनान कालीजगा त्यांच्या नऊ वलींतले एक. आपल्याकडं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. दोघांनाही लोकांना नवी गोष्ट सांगायची होती आणि ती लोकांच्या जुन्या भाषेत सांगितली.

जावातही हे सगळं बिनबोभाट चाललेलं नाही. जिथं ते गामेलान वाजतं त्याच मशिदीलगतच्या वस्तीत १९१२ मध्ये मुहम्मदिया ही सुधारक संघटना निघाली आणि असल्या रीती धर्मात बसत नाहीत असं तिनं सांगितलं. १९२६ मध्ये नहदलतुल उलमा निघाली, तिनं जुन्या चालीरीतींची बाजू धरली. शंभर वर्षं वाद चालला आहे आणि गामेलानही वाजतं आहे. वाद व्हायला माझी हरकत नाही. ‘पंजा शरियतीत बसत नाही’ असं एखादा तरुण मौलवी म्हणतो, ते त्याच्या अभ्यासानं म्हणतो. ‘पिराला नवस कशाला?’ असं एखादा शाळामास्तर विचारतो, त्यालाही विचारायचा हक्क आहे. माझी धास्ती निराळी आहे.

७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या काही स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली. त्या गडावर मलिक रेहानचा दर्गा आहे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या हिंदू नवस फेडायला गेलेत. नंतर तिसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, आषाढी एकादशी होती आणि आशुराही. तुकोबांची पालखी देहू सोडताना अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते ती रीत पाळून वारकरी पंढरपुरात पोचले होते, आणि इथं गजापुरात बाया मोडक्या कौलांखालून भांडी शोधत होत्या. मला त्या दिवशी फार राग आला आणि तो राग मी अजून सोडलेला नाही. फोडायला आलेल्यांना तिथं काही मान नव्हता. ज्याला कुदळ मारायचा मान असतो तो त्याच कुदळीनं भिंत पाडायला धजत नाही, कारण पुढच्या मोहरमला त्याला त्याच दारात उभं राहायचं असतं.

म्हणून आता मानाची घरं मोजायला हवीत. पुण्याला नोकरी लागली की मुलगा मोहरमला येत नाही, ऊद घालणारा म्हातारा एकटा उरतो. मग मंडळ कुणाला तरी पैसे देऊन ते काम उरकतं, आणि दोन-तीन वर्षांत ते काम कुणाचं होतं हेच विसरतं.

गेल्या मोहरमला आमच्या पेठेतल्या मामूंना मी विचारलं, “मामू, तुमच्यामागं पंजा कोण धरणार?”

“नातू धरंल की. पर त्येला आत्तापास्नं शिकवाया पायजे. आन तुमचा पोरगा कुठाय? लाकडं तुमच्या घरची असत्यात, इसरला काय?”

मुलगा तेव्हा घरी मोबाईल बघत बसला होता. मी त्याला बोलावून आणलं. गणपती आणि पंजे पुन्हा २०५० च्या सुमारास एकत्र येतील असं मी मामूंना सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, नातवाकडं आणि माझ्या मुलाकडं पाहिलं, आणि दोघांना खाईच्या कडेला नेऊन लाकूड आडवं कसं रचायचं, उभं कुठं लावायचं ते दाखवायला लागले. मुलानं पहिलं लाकूड उलटं ठेवलं. मामूंनी ते त्याच्याच हातानं काढायला लावून परत ठेवून घेतलं.