भुतांचें बिऱ्हाड व आमची खोली

भुतांच्या गोष्टी ऐकून भय वाटावें, हा जगाचा साधा नियम आहे. परंतु भुतांची एक गोष्ट पाहून आम्हांस प्रथम पोट धरून हंसूं आलें व मागाहून लाज वाटली. ती लाज कशाची, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या मामांनीं अमेरिकेहून येतांना एका चित्रपटाची तबकडी आणली. चित्रपटाचें नांव ‘व्हॉट वुई डू इन द शॅडोज’. तबकडी यंत्रांत घालतांच पडद्यावर नकाराची पाटी उमटली. मामांनीं उलगडा केला, तो असा: या तबकड्यांसाठीं जगाचे सहा विभाग पाडले आहेत. अमेरिका पहिल्या विभागांत, न्यूझीलंड चौथ्यांत व आपला देश पांचव्यांत. एका विभागाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रास सहसा चालत नाहीं. शेवटीं शेजारच्या काकांचें, सर्व विभागांस सामावून घेणारें यंत्र मागून आणलें. पुढें चित्रपटांत पाहतों तों, रक्तपिपासू पिशाच्चासहि कोणी ‘या’ म्हटल्यावांचून उंबरठा ओलांडतां येत नाहीं! तबकडीनें आपल्या पात्रांचाच गुण घेतला, असें मामा म्हणाले. चित्रपटांत रक्तपात आहे, म्हणून तेहि आमच्या शेजारीं बसले होते.

टायका वायटीटी व जेमेन क्लेमंट या दोघां मित्रांनीं हा चित्रपट लिहिला, दिग्दर्शिला व त्यांत कामेंहि केलीं. तो 2014 सालीं प्रथम लोकांपुढें आला. खर्च सुमारें 16 लाख डॉलर, म्हणजे त्या धंद्यांत अगदींच बेताचा. नटांनीं बरेचसे संवाद आयत्या वेळीं रचले. शंभराहून अधिक तासांचें चित्रण झालें व त्यांतून 86 मिनिटें निवडलीं. 2015 सालीं अमेरिकेंत तो दाखविण्यासाठीं लोकांकडून वर्गणी मागितली, ती चार लाख डॉलरांच्या वर जमली. त्याच वर्षीं तेथें तबकडी निघाली. गाळलेल्या दृश्यांपैकीं कांहीं तींत पाहावयास मिळतात.

कथा अशी. वेलिंग्टन शहरीं चार पिशाच्चें एका घरांत राहतात. सर्वांत वडील पिशाच्च आठ हजार वर्षांचें. त्याचें रूप 1922 सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटावरून घेतलें आहे. घरांतील तंटा मात्र रक्तावरून नव्हे, खरकट्या भांड्यांवरून! एकानें पांच वर्षें आपल्या पाळीचीं भांडीं घासलेलीं नाहींत. दुसरा टापटिपीचा, पाहुणीच्या मानेला दांत लावण्यापूर्वीं तो खालीं वर्तमानपत्रें पसरतो. हाच बिचारा प्रेयसीमागून न्यूझीलंडला निघाला होता. परंतु नोकरानें शवपेटीला टपालहंशील चुकीचें लावलें, प्रवासास अठरा महिने लागले, व तोंवर तिनें दुसऱ्याशीं लग्न केलें होतें.

येथवर आम्ही हंसत होतों. मग त्या घरांत स्टू नांवाचा एक माणूस येतो. तो संगणकाचें काम जाणणारा, फारसा न बोलणारा. त्या पिशाच्चांना तो संगणकाच्या पडद्यावर सूर्योदय दाखवितो. शतकानुशतकें त्यांनीं तो पाहिलेला नसतो. सर्वजण शपथ घेतात कीं, स्टूला कोणी खावयाचें नाहीं. पुढें तो मेला असें वाटतें, तेव्हां तीं दांतांचीं पिशाच्चें खरोखर दुःखी होतात.

तेथें आमचें हंसणें थांबलें. आमच्या वसतिगृहाच्या खोलींत आम्ही चौघे होतों. चौथा सोबती अबोल. माठ तो भरी, केर तो काढी. पाळी कोणाचीहि असो. आम्हीं त्यास ‘पाणक्या’ असें नांव ठेवलें होतें. दिवाळीनंतर त्याचे वडील अंथरुणास खिळले व त्यास शाळा सोडावी लागली. तो गेला त्या सायंकाळीं आम्ही तिघे मैदानावर खेळत होतों. एस. टी. स्थानकापर्यंत कोणीहि गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं माठ कोरडा होता. पाळी कोणाची, यावरून आम्ही भांडलों. तो आतां नाहीं, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाहीं. जें दुःख पिशाच्चांस झालें, तें आम्हां माणसांस होऊं नये ना!

सुटी संपल्यावर आम्हीं दोघां सोबत्यांस ही कथा सांगितली. हंसण्याच्या ठिकाणीं ते हंसले, आणि स्टूच्या ठिकाणीं खालीं पाहूं लागले. तिघांनीं मिळून त्यास पत्र लिहिलें. क्षमा मागतांना तीन कागद फाडले. उत्तर चार ओळींचें आलें. वडील आतां उठून बसतात; तो स्वतः शेतावर जातो; आणि माठाच्या बुडाशीं बारीक चीर आहे, तेव्हां तो टेकवून ठेवीत जा, असें त्यांत होतें. रागाचा एक शब्दहि नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

माठ आतां पाळीनें भरला जातो. मे महिन्यांत आम्ही त्याच्या गांवीं जाणार आहों. तबकडी व काकांचें यंत्र बरोबर घेण्याचें ठरलें आहे. दाराशीं उभे राहणें आमच्या हातीं. ‘या’ म्हणणें त्याच्या.