बडनेऱ्याहून घारापुरीला

मागच्या हिवाळ्यात आम्ही घारापुरीला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला आलेली माझी आई. घारापुरी म्हणजे मुंबईच्या समुद्रातले एलिफंटा बेट. "एवढ्या दूर दगडं पाहाले कायले गेल्ता?" असे वस्तीतल्या बायकांनी विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहिते.

समुद्र आपल्या लोकांना नवा नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्याला दादरचा समुद्र दिसतोच. आईनेही तो पाहिला होता, पण रांगेत, गर्दीत, डोक्यावर पिशवी घेऊन. पाण्यावर ती कधी गेली नव्हती. बाबा मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन होते. "एकदा पास काढून तुले बोटीत बसवतो," असे ते तिला म्हणत. पास निघायचा, पण तो कोणाच्या तरी लग्नात नाही तर मयतीत संपायचा. मग बाबाच गेले. त्यांच्या मागे आईला जो पास मिळतो, तो या खेपेस तिने माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "गुडघे हायेत तवर जाऊन येऊ." आम्हा मायलेकांची तिकिटे वेगळी काढली. जायचे रात्रीच्या गाडीने, दिवसभर बेट पाहायचे आणि त्याच रात्री परत. मी अंगणवाडीत मदतनीस. यापेक्षा जास्त सुट्टी जमणारी नव्हती.

बडनेऱ्याला गाडीत बसलो तेव्हा कळले की माझे तिकीट वेटिंगवरच राहिले. एका बर्थवर मी आणि मुलगा, डोके एकीकडे, पाय दुसरीकडे. अकोला गेले तसे भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. भुसावळच्या पुढे गाडी कुठेतरी अंधारात उभी राहिली ती हलेचना. मुलाला उलट्या सुरू झाल्या. सकाळी सहा-सातला मुंबई लागायची, तर सातला आम्ही नाशिकच्याही अलीकडे. इगतपुरीला धम्मगिरीचा पॅगोडा खिडकीतून दिसला, तेवढेच मनाला बरे वाटले. 1976 पासून तिथे माणसे दहा-दहा दिवस मौन पाळून बसतात. आमच्या डब्यात मात्र त्या वेळी दोन बायांचे जागेवरून कडाक्याचे भांडण चालले होते.

सीएसटीला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आणि तिथे पाहते तर पास नाही! पिशवी उपसली, डबा उपसला, मुलाचे दप्तर उलटे केले. परतीचा प्रवास त्याच पासावर. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आई शांतपणे म्हणाली, "कायले शोधतं बाई? माह्या कमरीच्या बटव्यात हाय. तू झोपली व्हती तवा मीच काढून ठेवला." रागवावे की हसावे ते कळेना.

बस मिळेपर्यंत अर्धा तास, गेटवेला तपासणीची रांग, मग तिकिटाची रांग. दुपारनंतर तिकडे जाणाऱ्या लाँच बंद होतात, म्हणून जीव टांगणीला. शेवटी एकदाच्या बसलो. अंगात लाइफ जॅकेट घालायला दिले. 18 डिसेंबर 2024 रोजी याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळून माणसे दगावली, ती बातमी आईने टीव्हीवर पाहिली होती. तिने माझे मनगट असे धरले की बांगडी रुतली. "पाणी काहून एवढं हालून राह्यलं गं?" एवढेच बोलली. तासाभराचा रस्ता. अर्ध्या वाटेत मोठी जहाजे लागली, पक्षी लाँचच्या मागे लागले, तशी तिची पकड सैल झाली.

घारापुरीच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि सगळी घाईच संपली. इथे हॉर्न नाही, रिक्षा नाही. धक्क्यावर एक छोटी आगगाडी आहे, तीही जणू बसा तर बसा म्हणते. झाडांखाली बाया काकड्या आणि चिरलेल्या कैऱ्या घेऊन बसलेल्या. आगरी-कोळ्यांची ही वस्ती रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. मुंबई समोर दिसते, पण समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले.

आई धक्क्याच्या पायरीवर बसली, ओंजळीत पाणी घेतले आणि जिभेला लावले. "हे तं आपल्या गावच्या विहिरीवानी खारं हाय!"

तिचे माहेर दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर खणली तरी ना पिकाला उपयोग, ना पोटाला. तिच्या लहानपणी गावाबाहेर एकच विहीर गोडी होती आणि तीवर आपल्या लोकांना हात लावता येत नसे. घागर घेऊन उभे राहायचे, कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. 1927 मध्ये बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते महाड याच रायगड जिल्ह्यातले. हे मी मुलाला सांगितले, पण त्याचे लक्ष माकडांकडे.

लेण्यांकडे जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर न्यायला खुर्ची मिळते, दोन्ही बाजूंनी माणसे उचलतात. गुडघे पाहता मी विचारले. आई म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर मी नाई बसत." बसत-उठत ती पाऊण तासात चढली.

मोठ्या लेण्यात शंकराची तीन मुखांची वीस फुटांच्या आसपास उंचीची मूर्ती आहे. काम सहाव्या शतकातले, हात बसला होता त्या कारागिरांचा! बऱ्याच मूर्ती फुटल्या आहेत. परदेशी पाहुणे येतात ते हीच लेणी पाहायला. पण आपल्या वाचकांनी दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. बेटाच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, जवळ लेणीही आहेत. या टेकडीला स्तूप हिल म्हणतात. आमची परतीची वेळ झाली होती, म्हणून मी ती टेकडी फक्त दुरून पाहिली. ही चुटपुट राहिली. तुम्ही गेलात तर सकाळच्या पहिल्या लाँचने जा. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

आईला आवडले ते पाण्याचे टाके. लेण्यालगत खडकात कोरलेले, पावसाचे पाणी साठवणारे. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी. कठड्याला टेकून ती बराच वेळ बघत राहिली. "हे ज्यानं कोरलं, त्याले तहान ठाऊक व्हती," म्हणाली.

शेवटच्या लाँचआधी तिने धक्क्यावर बिसलेरीची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. परतीच्या गाडीत ती उशाशी ठेवून झोपली. वस्तीतल्या बायका आल्या तेव्हा तिने झाकणभर पाणी प्रत्येकीच्या हातावर दिले. दर्यापूरच्याच एका म्हातारीने जीभ लावली, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "एवढं बोटीत बसून तू आपलंच पाणी घेऊन आली व्हय?"